तापमानाची खिडकी आणि वेळेचा खर्च: डीएनए ओरिगामीचा उतारा कसा वाढवावा

अॅगरोज जेलवर, म्हणजे विजेच्या जोरावर डीएनएच्या रचना आकाराप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या जेलीच्या पाटीवर, शेजारी शेजारी बारा लेन आहेत. बाराही लेनमधले मिश्रण एकाच नळीतून वाटून घेतलेले आहे: तोच एक लांब धागा, तेच दोनशे छोटे धागे, तेवढेच मॅग्नेशियम. फरक एवढाच, की प्रत्येक वाटा चार तास निराळ्या तापमानाला ठेवला होता. पहिला ४२ अंश सेल्सिअसला, शेवटचा ६२ अंशांना. जेल अतिनील दिव्यावर ठेवले की थंड बाजूच्या लेनमध्ये वरपासून खालपर्यंत ओघळ दिसतो, गरम बाजूला घडी न पडलेल्या लांब धाग्याचा पट्टा दिसतो, आणि मधल्या दोन-तीन लेनमध्येच तो बारीक, रेखीव कडांचा पट्टा उमटतो ज्यासाठी सगळा खटाटोप केलेला असतो. अनेक घटक आपोआप जुळून एकच ठरलेली रचना घडवतात अशा कोणत्याही प्रयोगात तापमान आणि वेळ यांचा हिशेब कसा करावा, हे शिकण्यासाठी या जेलइतका चांगला गुरू मला दुसरा माहीत नाही. म्हणून पुढचे सारे विवेचन डीएनए ओरिगामीच्या, म्हणजे डीएनएच्या एका लांब धाग्याची छोट्या धाग्यांनी ठरलेल्या आकारात घडी घालण्याच्या पद्धतीच्या, आधारे केले आहे.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. साखर कारखान्यात गाळलेल्या उसाच्या मानाने किती साखर हाती आली, त्याला उतारा म्हणतात. त्याच अर्थाने येथे उतारा म्हणजे मिश्रणात घातलेल्या लांब धाग्यांपैकी किती धाग्यांची घडी ठरल्याप्रमाणे बसली, त्याचे शेकडा प्रमाण.

अडचण कुठे आहे

पॉल रोदेमुंड यांनी २००६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ही पद्धत मांडली. एम१३ या जिवाणूभक्षक विषाणूचा ७,२४९ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) एकपदरी, वर्तुळाकार डीएनए घ्यायचा. त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. त्याच्या निरनिराळ्या भागांना पूरक असे दोनशेहून अधिक छोटे धागे, म्हणजे स्टेपल, त्यात मिसळायचे. प्रत्येक स्टेपल स्कॅफोल्डचे लांबलांबचे दोन-तीन भाग पकडून एकत्र आणतो आणि सुमारे १०० नॅनोमीटरचा ठरवलेला आकार तयार होतो. रोदेमुंड यांनी मिश्रण ९५ अंशांपासून २० अंशांपर्यंत दोन तासांच्या आत थंड केले आणि सपाट आकार मिळवले. २००९ साली शॉन डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीय ठोकळे घडवले, तेव्हा मात्र मिश्रण ६० अंशांवरून २४ अंशांवर आणायला १७३ तास, म्हणजे आठवडाभर, द्यावा लागला. आणि तरीही उतारा आकारानुसार ७ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला.

एवढा वेळ देऊनही उतारा कमी का, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. दोनशे घटकांपैकी प्रत्येक घटक योग्य जागी बसण्याची शक्यता ९९ टक्के धरली आणि प्रत्येकाचे बसणे दुसऱ्यापासून स्वतंत्र मानले, तर सगळेच्या सगळे योग्य बसण्याची शक्यता ०.९९ चा दोनशेवा घात, म्हणजे अवघी १३ टक्के होते. तीच शक्यता प्रत्येकी ९९.९ टक्के केली, तर संपूर्ण रचनेचा उतारा ८२ टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षात घटक एकमेकांना मदत करतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण घटकांची संख्या वाढली की एकेका घटकाच्या चुकीला किती जबर किंमत मोजावी लागते, हे त्यातून नीट कळते. यावरून चुका अजिबात होऊ न देण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, हेही लक्षात यावे. चुका होणारच; झालेली चूक सुटून पुन्हा नीट बसायला वाव राहतो की नाही, यावर उतारा ठरतो, आणि हा वाव तापमानाच्या हातात असतो.

चिकटण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग

दोन पूरक डीएनए धागे एकमेकांना सापडून चिकटण्याचा वेग साधारण १० लाख प्रति मोलर प्रति सेकंद इतका असतो, आणि तापमानाने तो फारसा बदलत नाही. स्टेपलची संहती २०० नॅनोमोलर असेल, तर स्कॅफोल्डवरच्या मोकळ्या जागेला तिचा स्टेपल सरासरी पाच सेकंदांत गाठतो. चिकटण्यासाठी तासन्‌तास लागतच नाहीत. तास लागतात ते सुटण्यासाठी, आणि सुटण्याचा वेग तापमानाप्रमाणे प्रचंड बदलतो.

एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. चुकीच्या जागी अर्धवट चिकटलेल्या एका स्टेपलचा वियोजन स्थिरांक (बंध किती सहज सुटतो याचे माप; तो जितका लहान, तितका बंध घट्ट) १ नॅनोमोलर असेल, तर तो सुटायला सरासरी एक हजार सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतील. तापमान उतरले आणि तोच स्थिरांक १ पिकोमोलर झाला, तर सुटायला १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस लागतील. पहिल्या परिस्थितीत चार तासांच्या प्रयोगात ती चूक दहा-बारा वेळा तरी सुटते. दुसऱ्या परिस्थितीत ती जन्मभराची गाठ ठरते. दोन्हींमध्ये तापमानाचे अंतर किती, हेही काढता येते. १६ बेस-जोड्यांच्या बंधाची एन्थाल्पी, म्हणजे तो सोडवायला लागणारी उष्णता, ढोबळमानाने प्रति मोल १२० किलोकॅलरी धरली, तर ५० अंशांच्या आसपास दर एका अंशाला त्या बंधाचा स्थिरांक सुमारे १.८ पटीने बदलतो. म्हणजे हजारपट फरकाला जेमतेम १२ अंश पुरतात. ८ बेस-जोड्यांच्या बंधात हाच बदल दर अंशाला सुमारे १.३ पट असतो.

म्हणून तापमानाची एक खिडकी असते. खिडकीच्या वर योग्य बंधही टिकत नाहीत आणि कितीही वेळ थांबले तरी काही घडत नाही. खिडकीच्या खाली चुकीचे बंधही सुटत नाहीत आणि कितीही वेळ थांबले तरी काही सुधारत नाही. वेळेला किंमत आहे ती फक्त खिडकीत. हेंड्रिक डीट्झ यांच्या म्युनिकमधल्या गटाने २०१२ साली हे ठळकपणे दाखवले: योग्य निवडलेल्या एकाच स्थिर तापमानाला ठेवले, तर आठवडा मागणाऱ्या त्रिमितीय रचना काही मिनिटांत घडू शकतात आणि उतारा १०० टक्क्यांच्या जवळ जातो. आता आपल्या स्वतःच्या रचनेची खिडकी शोधायची कशी, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: कोणता उतारा मोजणार ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर आकड्यांवरून वाद घालतात. जेलवर रेखीव पट्ट्यात किती डीएनए आहे, हे मोजणे सर्वांत सोपे. पण एखाद-दोन स्टेपल नसलेली रचनाही त्याच पट्ट्यात धावते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किंवा अॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शकाखाली कणांची मोजणी केली तर मोडके आणि धडके वेगळे काढता येतात, पण मोजणाऱ्याची नजर अकारण उदार होऊ शकते. म्हणून कोणता नमुना कोणत्या तापमानाचा आहे हे झाकून, दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावावे. तिसरा प्रकार म्हणजे एकेका जागी स्टेपल बसला आहे का, हे तपासणे. २०१८ साली राल्फ युंगमन यांच्या गटाने अतिविभेदनक्षम प्रतिमांकनाने ते मोजले, तेव्हा स्टेपल बसण्याचे प्रमाण रचनेच्या कडेला ४८ टक्क्यांपर्यंत खाली आणि मध्यभागी ९५ टक्क्यांपर्यंत वर आढळले. जेलवर देखणा दिसणारा पट्टा आतून इतका असमान असू शकतो. आपल्याला कडेच्या जागी एखादे प्रथिन जोडायचे असेल, तर जेलवरचा ९० टक्के उतारा आपल्या कामाचा नाही.

तापमान आणि वेळ निवडण्यासाठी जेल पुरते. शेवटी निवडलेल्या एक-दोन परिस्थिती मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वहीत निष्कर्ष लिहू नये.

दुसरी पायरी: मिश्रण एकदाच आणि भरपूर करा

स्कॅफोल्ड २० ते ५० नॅनोमोलर, प्रत्येक स्टेपल त्याच्या चौपट ते दहापट, ट्रिस आणि ईडीटीए असलेले बफर, आणि मॅग्नेशियम क्लोराइड सपाट रचनांसाठी १२ मिलीमोलरच्या आसपास, दाट त्रिमितीय रचनांसाठी १६ ते २० मिलीमोलर. स्टेपल जास्त घालण्यामागे वेगाइतकेच दुसरेही कारण आहे: दोनशे नळ्यांतून पिपेटने काढताना कुठेतरी थोडे कमी येणारच, आणि चौपट असले की ती तूट बाधत नाही.

सगळ्या तापमानांसाठी आणि सगळ्या वेळांसाठी लागणारे मिश्रण एकाच नळीत करून मग वाटावे. प्रत्येक नळीसाठी वेगळे मिश्रण केले तर शेवटी आपण तापमानाचा परिणाम मोजत आहोत की पिपेटिंगचा, हे सांगता येत नाही. बाराही तापमानांना आठ-आठ कालावधी तपासायचे असतील तर २० मायक्रोलिटरप्रमाणे सुमारे दोन मिलिलिटर लागतात. स्कॅफोल्ड महाग आहे, पण अर्धवट केलेल्या तीन प्रयोगांपेक्षा हा एक प्रयोग स्वस्त पडतो.

ट्रिस बफरबद्दल एक गोष्ट येथेच सांगायला हवी. त्याचा पीएच तापमान वाढल्यावर दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ८.३ असलेला पीएच ५५ अंशांना साधारण ७.५ असतो. डीएनएला त्याने फारसे बिघडत नाही, पण स्टेपलला आधीच काही रंगद्रव्य किंवा प्रथिन जोडले असेल तर ते लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: ओळखीचा उतरता कार्यक्रम आधी चालवा

नवी रचना हातात आली की थेट खिडकी शोधायला धावू नये. आधी सर्वसाधारण कार्यक्रम चालवावा: ६५ अंशांना १५ मिनिटे, मग ६० पासून ४४ अंशांपर्यंत दर तासाला एक अंश. रात्रभरात तो पुरा होतो. रेखीव पट्टा अजिबात मिळाला नाही, तर दोष बहुधा आराखड्यात, मॅग्नेशियममध्ये किंवा स्टेपलच्या एखाद्या गाळलेल्या प्लेटमध्ये असतो, आणि तापमानाशी झटापट करून तो सुटणार नाही. पट्टा मिळाला, मग तो कितीही फिकट असो, तर पुढे जायला हरकत नाही.

सुरुवातीच्या तापण्याबद्दल थोडे. जुन्या पद्धतींत ९५ अंशांपासून सुरुवात असे. ओरिगामीसाठी ६५ ते ८० अंश पुरतात, कारण स्टेपल आणि स्कॅफोल्डच्या स्वतःच्या आतल्या गुंडाळ्या तेवढ्याने सुटतात. उच्च तापमानाला फार वेळ ठेवल्यास डीएनएमधील प्युरिन बेस झडू लागतात आणि धागे तुटतात, म्हणून तेथे मिनिटे मोजावीत.

चौथी पायरी: घडी पडण्याचे आणि उलगडण्याचे तापमान पाहा

प्रयोगशाळेत रिअल-टाइम पीसीआर यंत्र (तापमान बदलत असतानाच नळीतली चमक मोजणारे) असेल तर हे काम एका दिवसाचे आहे. मिश्रणात सायबर ग्रीनसारखे दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य अगदी थोडे घालावे, ६५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत सावकाश उतरावे आणि त्याच वेगाने पुन्हा चढावे. उतरताना एका अरुंद पट्ट्यात चमक झपाट्याने वाढते. तो घडी पडण्याचा पट्टा. काही स्टेपल बसले की स्कॅफोल्डचे लांबचे भाग जवळ येतात आणि पुढच्या स्टेपलचे काम सोपे होते, म्हणून घडी हळूहळू न पडता थोड्याच अंशांच्या अंतरात पडते.

चढताना हाच आलेख उजवीकडे सरकलेला दिसतो. म्हणजे घडी जेथे पडली त्याहून वरच्या तापमानाला ती उलगडते. या अंतराकडे नीट लक्ष द्यावे. उलगडणे जवळपास समतोलात होते, पण घडी पडताना आधी एक अवघड सुरुवात ओलांडावी लागते, म्हणून ती मागे राहते. काम करण्याची जागा या दोन आलेखांच्या मधोमध किंवा घडीच्या आलेखाच्या वरच्या टोकाला असते: योग्य घडी एकदा पडली की टिकेल, आणि चुकीचा बंध मात्र तगणार नाही. रंगद्रव्य स्वतः दुपदरी डीएनएला किंचित स्थिर करते, म्हणून या आलेखावरचे आकडे एखाद-दोन अंश वर दाखवतात असे गृहीत धरून पुढच्या पायरीत दोन्ही बाजूंना जागा सोडावी.

पाचवी पायरी: स्थिर तापमानांची ओळ

हीच सुरुवातीला सांगितलेल्या जेलची पायरी. ग्रेडियंट असलेल्या थर्मल सायकलरच्या (प्रत्येक स्तंभातल्या नळ्यांना वेगळे तापमान देऊ शकणाऱ्या यंत्राच्या) बारा स्तंभांत बारा तापमाने लावावीत, सगळ्या नळ्या ६५ अंशांना १५ मिनिटे ठेवून थेट आपापल्या तापमानाला आणाव्यात आणि चार तास तेथेच ठेवाव्यात. पडद्यावर दिसणारे तापमान आणि नळीतले तापमान यांत अर्ध्या अंशाचा फरक सहज असतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे अर्ध्या अंशानेही लांब बंधाचा स्थिरांक सव्वापटीहून जास्त बदलतो. म्हणून एकदा तरी बारीक तापमान-संवेदक पाण्याच्या नळीत बुडवून प्रत्येक स्तंभ तपासावा. झाकण गरम ठेवणे आवश्यक आहे. नाहीतर पाणी झाकणावर जमते, खालच्या मिश्रणात मॅग्नेशियम आणि डीएनए दाट होतात, आणि साठ तासांच्या कार्यक्रमात आपण सुरू केलेला प्रयोग आणि संपलेला प्रयोग यांची कृती एक राहत नाही.

वेळ संपली की नळ्या बर्फात घालाव्यात आणि त्याच दिवशी जेल चालवावे. २ टक्के अॅगरोज, अर्ध्या संहतीचे टीबीई (ट्रिस-बोरेट-ईडीटीए) बफर, आणि जेलमध्ये तसेच टाकीतल्या बफरमध्ये सुमारे ५.५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. मॅग्नेशियम विसरले तर नीट घडलेली रचनाही जेलमध्येच सैल पडते आणि आपण निष्कारण तापमानाला दोष देतो. टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून ७० ते ९० व्होल्टवर चालवावे. एका लेनमध्ये नुसता स्कॅफोल्ड असलाच पाहिजे.

जेल वाचताना घाई करू नये. तळाशी धावलेला जाड, धूसर पुंजका म्हणजे उरलेले स्टेपल. त्यांचा उताऱ्याशी संबंध नाही. त्यावरचा रेखीव पट्टा आपला. त्याच्या वर अंतर राखून दुसरा पट्टा असेल तर दोन रचना एकमेकींना चिकटल्या आहेत. हे सहसा कडांच्या बोथट टोकांमुळे होते आणि ते टोकाचे स्टेपल गाळून सुटते, तापमानाने नाही. दोन्हींच्या मधला ओघळ म्हणजे अर्धवट आणि चुकीच्या घड्या. नमुना ओतण्याच्या खाचेतच अडकून राहिलेला उजेड म्हणजे गठ्ठे. उदाहरणार्थ एका लेनमध्ये स्टेपल वगळून एकूण तीव्रता १,००० एकक आली, त्यांतली ६२० रेखीव पट्ट्यात, ९० वरच्या पट्ट्यात, १९० ओघळात आणि १०० खाचेत असेल, तर उतारा ६२ टक्के लिहावा आणि बाकीचे तीन आकडेही शेजारी लिहावेत. ते आकडेच पुढे काय करायचे ते सांगतात: ओघळ जास्त असेल तर तापमान वर न्यावे, गठ्ठे जास्त असतील तर मॅग्नेशियम कमी करून पाहावे, आणि मोकळा स्कॅफोल्ड उरला असेल तर तापमान खाली आणावे. इथिडियम ब्रोमाइड एकपदरी डीएनएला कमी चिकटते, त्यामुळे मोकळा स्कॅफोल्ड दिसतो त्याहून जास्त असतो, एवढी दुरुस्ती मनात धरावी.

पट्टा सर्वांत पुढे धावलेला आणि सर्वांत बारीक कोणत्या लेनमध्ये आहे, हे तीव्रतेइतकेच पाहावे. नीट घट्ट झालेली रचना वेगाने धावते. तीव्रता सारखी असलेल्या दोन लेनमधून मी नेहमी पुढे धावलेली निवडतो.

सहावी पायरी: आता वेळ मोजा

वेळेबद्दलचे माझे मत एका अपघाताने पक्के झाले. एकदा ६० अंशांवरून २४ अंशांवर साठ तासांत उतरणारा कार्यक्रम लावला होता आणि एकेचाळिसाव्या तासाला वीज गेली. यंत्राला यूपीएस जोडलेला नव्हता. सकाळी नळ्या हातात घेतल्या तेव्हा त्या खोलीच्या तापमानाला आलेल्या होत्या, आणि तीन दिवसांचे काम वाया गेले असे समजून केवळ नोंदीसाठी जेल चालवले. पट्टा आधीच्या पूर्ण साठ तासांच्या पट्ट्यासारखाच होता. मग वहीवर हिशेब केला: दर तासाला ०.६ अंश या वेगाने एकेचाळिसाव्या तासाला यंत्र ३५ अंशांवर पोहोचले होते, आणि या रचनेची घडी ५० ते ५४ अंशांच्या दरम्यान, म्हणजे दहाव्या आणि सतराव्या तासांच्या मध्येच पडून गेली होती. उरलेले त्रेचाळीस तास मी दर वेळी नुसते यंत्र अडवून ठेवत होतो.

तेव्हापासून उत्तम तापमान सापडले की त्या तापमानाला वेळेची ओळ लावायची, हा नियम मी मोडत नाही. ५ मिनिटे, १५ मिनिटे, अर्धा तास, १ तास, २ तास, ४ तास, ८ तास आणि १६ तास, अशा आठ नळ्या घ्याव्यात. सगळ्या एकदम सुरू करून एकेक काढत गेले तर पहिली नळी सोळा तास बर्फात पडून राहते आणि थंडाव्यात मोकळे स्टेपल कुठेही चिकटतात. म्हणून उलट करावे: सोळा तासांची नळी आधी लावावी, बाकीच्या मागाहून एकेक लावत जाव्यात, आणि सगळ्या एकाच क्षणी बाहेर काढाव्यात.

आलेखाचा आकार पाहावा. उतारा लवकर चढून सपाट झाला, तर सपाट होण्याच्या दुप्पट वेळ द्यावा आणि थांबावे. सुरुवातीला काहीच नाही आणि मग एकदम चढ, असे दिसले तर घडीची सुरुवातच अवघड जात आहे. तापमान एक अंशाने उतरवून पुन्हा पाहावे. चढून मधेच अडकला, म्हणजे ४० टक्क्यांवर सपाट झाला आणि ओघळ तसाच राहिला, तर चुका कायमच्या बसल्या आहेत. तेथे वेळ वाढवून काहीही होणार नाही, तापमान वर न्यावे लागेल. आणि बऱ्याच तासांनंतर उतारा पुन्हा उतरू लागला तर गठ्ठे वाढत आहेत किंवा पाणी उडते आहे, हे तपासावे.

काही रचनांना एक तापमान पुरत नाही, आणि याचा दाखला ओरिगामीच्या फार आधीचा आहे. मासायासू नोमुरा यांनी १९६८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात ई. कोलाय जिवाणूच्या रायबोसोमचा (पेशीत प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेचा) लहान भाग त्याच्या आरएनए आणि सुट्या प्रथिनांपासून परीक्षानळीत पुन्हा जुळवला. थंड ठेवले तर जुळणी मध्यावरच अडून बसे; सुमारे ४० अंशांना नेले की अडलेली रचना स्वतःला सावरून घेई आणि उरलेली प्रथिने बसत. मोठ्या भागासाठी तर १९७४ साली क्नूट नीरहाउस आणि फर्डिनंड डोमे यांना दोन टप्पे लागले: आधी ४४ अंश आणि ४ मिलीमोलर मॅग्नेशियमला २० मिनिटे, मग ५० अंश आणि २० मिलीमोलर मॅग्नेशियमला ९० मिनिटे. दुसरा टप्पा अधिक गरम, पण अधिक मॅग्नेशियमचा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तापमान बंध सैल करते, मॅग्नेशियम ऋणभारित कण्यांमधले प्रतिकर्षण झाकून बंध आवळते. एक वाढवले की दुसऱ्याची खिडकी सरकते. म्हणून मॅग्नेशियम बदलल्यावर पाचवी पायरी पुन्हा करावी, निदान आधीच्या उत्तमाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंश तरी.

स्कॅफोल्ड नसेल तेव्हा

येथवर सांगितलेले सारे एका लांब धाग्याच्या आधाराने चालले होते. तो धागा काढून घेतला की नियम बदलतात. २०१२ साली पेंग यिन यांच्या हार्वर्डमधील गटाने डीएनए विटा मांडल्या: ३२ न्यूक्लिओटाइडांचे धागे, प्रत्येकाला आठ-आठ न्यूक्लिओटाइडांचे चार जोड, आणि कोणताही सामायिक पाया नाही. सुमारे साडेचारशे विटांच्या एका ठोकळ्याला तीन दिवस सावकाश थंड करूनही जेलवरचा उतारा ४ टक्क्यांच्या आसपास आला.

कारण समजून घ्यायला खडीसाखर डोळ्यांसमोर आणावी. दाट पाकात दोरा सोडला आणि पाक सावकाश निवू दिला तर दोऱ्याभोवती मोठे खडे धरतात. तोच पाक झटकन थंड केला तर सगळीकडे एकदम बारीक दाणा सुटतो आणि मोठा खडा वाढायला साखरच उरत नाही. साखर कारखान्यातही पाकात मोजून बी सोडतात आणि नको असलेला बारीक दाणा उठू नये म्हणून पाकाची संपृक्तता सांभाळतात. ओरिगामीतला स्कॅफोल्ड हा दोरा आहे. विटांच्या मिश्रणात दोरा नाही, आणि प्रत्येक वीट मोजकीच आहे. तापमान पटकन खाली नेले तर असंख्य ठिकाणी एकदम सुरुवात होते, प्रत्येक अर्धवट ठोकळा काही विटा अडकवून बसतो, आणि एकही ठोकळा पुरा करण्याइतक्या सगळ्या प्रकारच्या विटा मोकळ्या राहत नाहीत. येथे ओघळातल्या रचना चुकीच्या नसतात; त्या बरोबरच असतात, पण अपुऱ्या, आणि म्हणून त्यांच्यावर चुका सुधारण्याचा इलाज चालत नाही.

केंब्रिजमध्ये अलेक्स राइनहार्ट आणि डान फ्रेंकेल यांनी २०१४ साली संगणकीय सादृश्यांतून दाखवले, की अशा विटांची बरोबर जुळणी तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यातच होते, जेथे सुरुवात क्वचित होते पण झालेली सुरुवात वाढत राहते. प्रयोगात याचा अर्थ असा: आधी सुरुवात होते ते सर्वांत वरचे तापमान शोधावे, त्याच्या जेमतेम अर्धा-एक अंश खाली लांब थांबावे, आणि मग दर काही तासांना अर्ध्या अंशाने उतरत जावे, म्हणजे विटा कमी होत जातील तसा वाढीचा ओढा टिकून राहील. येथे एकच स्थिर तापमान सहसा पुरत नाही, कारण मोकळ्या विटांची संहती घटली की खिडकीच खाली सरकते. स्टेपल भरपूर असलेल्या ओरिगामीत ती जवळपास जागच्या जागी राहते. स्टेपलसारखी अधिकची भर घालण्याची सोयही येथे नाही. सगळ्या विटांची संहती सारखी ठेवावी लागते, आणि पिपेटमधली तूट थेट उताऱ्यातून वजा होते.

तापमान आणि वेळ यांनी भागत नसेल तर बंधच बदलावा लागतो. २०१७ साली पेंग यिन यांच्या गटाने विटा ५२ न्यूक्लिओटाइडांच्या आणि जोड आठाऐवजी तेरा न्यूक्लिओटाइडांचे केले, आणि १०,००० निरनिराळ्या घटकांच्या रचना उभ्या राहिल्या. उतारा वाढत नाही म्हणून महिनोन्‌महिने तापमान बदलत बसणाऱ्या विद्यार्थ्याने, पाचव्या पायरीत कोणत्याच लेनमध्ये रेखीव पट्टा नसेल तर, जोडांच्या लांबीकडे परत जावे.

काही बारीकसारीक, पण प्रयोग बुडवणाऱ्या गोष्टी

परदेशी पद्धतींत लिहिलेले खोलीचे तापमान २० ते २५ अंश असते. मे महिन्यात वातानुकूलन बंद असलेल्या नागपूरच्या खोलीत ते ४० च्या जवळ असू शकते, आणि आठ न्यूक्लिओटाइडांच्या जोडांसाठी हा फरक क्षुल्लक नाही. वहीत खोलीचे तापमान असे शब्दांत न लिहिता आकडा लिहावा. घडलेली रचना अधिकच्या स्टेपलपासून वेगळी करेपर्यंत ४ अंशांना ठेवावी, आणि वेगळी केल्यानंतरही बफरमधले मॅग्नेशियम ५ मिलीमोलरच्या खाली नेण्याआधी थोड्या नमुन्यावर खात्री करून घ्यावी.

यंत्राला यूपीएस जोडावा, आणि वीज परत आल्यावर कार्यक्रम जेथे थांबला तेथून सुरू होतो की पहिल्यापासून, हे यंत्राच्या मांडणीत आधी पाहून ठेवावे. पहिल्यापासून सुरू होत असेल तर सकाळी हाती येणारी नळी पुन्हा एकदा ६५ अंशांना जाऊन उलगडलेली असते, आणि पडद्यावर कार्यक्रम अगदी व्यवस्थित चालू दिसतो. म्हणून नळ्या काढण्याआधी पडद्यावरचा उरलेला वेळ घड्याळाशी ताडून पाहावा.